उजवं चाक

खोटं बोलायचं ठरलं तेव्हा त्यानं कंबर निवडली, कारण कंबर कुणाला दिसत नाही. ताप म्हटला असता तर बायकोनं थर्मामीटर आणला असता. पोट म्हटलं असतं तर सासूबाईंनी कडू काहीतरी पाजलं असतं. कंबरेला असलं काही करता येत नाही. माणूस म्हणतो दुखते, आणि बाकीच्यांना मान हलवावी लागते.

सकाळी तो स्वयंपाकघरात ओटा धरून वाकडा उभा राहिला.

"आज काही खरं नाही," तो म्हणाला. "कंबर धरलीय."

"आजच?" बायकोनं विचारलं.

"कंबर काय दिवस बघून धरते?"

बायकोनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तिनं गॅस बंद केला आणि हात पुसले. "मग तुमच्या जागी मी जाते. एवढा मान दिलाय त्यांनी, वाया कशाला घालवायचा?"

हे त्याच्या हिशेबात नव्हतं. विमानाची फेरी रद्द होईल, संग्रहालयाचे संचालक हळहळतील आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतील, इथपर्यंतच त्याची उडी गेली होती. पण 'तू नको जाऊस' म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण तर सांगण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "बघ तुला जमत असेल तर."

हे वाक्य पुढं दिवसभर त्याला आठवत राहिलं.

आठवडाभर तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टेबलामागे बसायचा, पण त्याची खरी ओळख होती ती विमानांच्या संग्रहालयातली. संग्रहालयाला स्वतःची धावपट्टी होती. मोसमात ठरावीक रविवारी जुनी विमानं तिथून उडायची आणि दुसऱ्या धावपट्ट्यांवरून पाहुणी विमानं उतरायची. हजारो लोक दोरीपलीकडे गवतात उभे राहून माना वर करायचे, आणि आकाशात जे चाललंय ते त्यांना माईकवरून सांगायचं काम याचं. आवाज असा की कर्णा बिघडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा. विमानं ठेवायच्या हँगरमधल्या मिस्त्री मंडळींनी त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं, आणि ते इतकं मुरलं होतं की संचालकही घाईत तेच म्हणायचे. लांबून नुसता इंजिनाचा घरघराट ऐकून तो विमान ओळखायचा, त्याची कूळकथा सांगायचा, मधेच एखादा विनोद सोडायचा. एवढं सगळं करणारा हा माणूस आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नव्हता. लांबच्या लग्नाला सगळं घर विमानानं जायचं आणि हा बसनं दोन दिवस आधी निघायचा. "मला वाटेतली गावं बघायला आवडतात," असं सांगायचा. खरं म्हणजे उंचीच्या भीतीनं तो शिडीच्या चौथ्या पायरीवरच दांडी धरून थांबायचा.

त्याच्या माईकला पंचवीस वर्षं झाली म्हणून संग्रहालयानं त्याला पिवळ्या विमानातून एक फेरी बक्षीस दिली. जुन्या काळी शिकाऊ वैमानिकांना शिकवायला वापरायचे ते हे विमान. दोन जागा, एकामागे एक, वर प्रत्येकीला सरकतं काचेचं झाकण. संचालकांनी हे भर समारंभात जाहीर केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि यानं हसून हात जोडले. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली होती.

तर त्या रविवारी तो वाकत वाकत संग्रहालयात पोचला. मागून बायको, आणि लेक उडणार म्हणून हौसेनं आलेल्या सासूबाई. सासूबाईंची नजर अधू झाली होती, कान मात्र तिखट. छत्रीखाली त्याच्या टेबलाशेजारी त्यांना घडीची खुर्ची दिली. बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन त्या बसल्या. पाहुणी विमानं आलेली होती. दुहेरी पंखांची, नाकावर लाकडी पंखा असलेली, एक निळं, एक चंदेरी. दोरीपाशी बाप पोरांना खांद्यावर घेऊन उभे होते.

विमान चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. उभा जन्म मोठी प्रवासी विमानं चालवून आता हौसेखातर जुनी उडवायच्या. कमी बोलणाऱ्या, ठाम. त्यांनी बायकोला ढगळ अंगरखा चढवला, कानांवर हेडफोन बसवले, पट्टे आवळून दाखवले. बायको मागच्या सीटवर बसली आणि झाकण सरकायच्या आधी तिनं त्याच्याकडे बघून हात हलवला. ती खुशीत होती. तिला एका पालीखेरीज कशाची भीती वाटत नसे.

"मंडळी," तो माईकवर म्हणाला, "आज या विमानात आमच्या घरचं माणूस आहे. तेव्हा टाळ्या जरा जोरात."

लोक हसले. पिवळं विमान धावपट्टीवरून उड्या मारत पळालं, उचललं गेलं, आणि त्याची दोन्ही चाकं पोटात दुमडून गेली. यानं टेबलाची कड धरली. पण तो बोलत राहिला. बोलत असलं की त्याला धीर असायचा.

टेकड्यांवरून, तलावावरून एक चक्कर झाली. मग विमान परत आलं आणि धावपट्टीच्या तोंडाशी वळलं. आता उतरणार म्हणून त्यानं वाक्य सुरू केलं, तोच विमान उतरायच्या ऐवजी गरजत डोक्यावरून निघून गेलं.

शेजारी उभ्या असलेल्या हँगरच्या मुख्य मिस्त्रीनं डोळ्यांना दुर्बीण लावली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. दुर्बीण गळ्यात टाकून तो हँगरकडे पळत सुटला. मिस्त्री कधी पळत नसे.

टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला. काचेच्या खोलीतून विमानांशी बोलणारा टॉवरवाला याचा जुना दोस्त होता.

"भोंग्या, माईक बंद कर आणि ऐक."

त्यानं बटण दाबलं.

"उजवं चाक येत नाहीये. डावं खाली आलंय, उजवं अर्ध्यात लटकलंय. बाई वरून प्रयत्न करतायत. तू लोकांना काही सांगू नकोस अजून."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते त्याला त्या क्षणी कळलं. त्यानं वर पाहिलं. निळ्या आकाशात ते पिवळं विमान खेळण्यासारखं दिसत होतं, एक पाय खाली सोडलेला आणि दुसरा लंगड्या पक्ष्यासारखा आखडलेला. आणि त्यात आपली बायको. आपल्या जागेवर.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. अजून एक फेरी मारतायत."

तेच त्यानं माईकवरही सांगितलं. "मंडळी, आज आपलं नशीब जोरावर आहे. बाईंनी आपल्याला एक फेरी जास्तीची दिलीय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी त्याच्या अंगावर काटा आला.

विमान उंच गेलं, नाक खाली करून सूर मारल्यासारखं आलं आणि झटक्यात वर उचललं गेलं. लटकलेलं चाक त्या हिसक्यानं सुटून खाली यावं, यासाठी ते चाललं होतं. त्याला ते ठाऊक होतं, लोकांना नव्हतं. लोक 'वा वा' करत होते. दुसरा हिसका. तिसरा. प्रत्येक वेळी आत तिच्या मानेला, पोटाला काय होत असेल ते त्याला इथे जाणवत होतं. चाक हललं नाही. मग बाईंनी विमान खाली आणलं, डावं चाक धावपट्टीवर मुद्दाम आपटलं आणि तसंच पुन्हा वर नेलं. आपटल्याचा आवाज इथवर आला.

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोरीपाशी कुजबूज सुरू झाली. एका बाईनं पोराला खांद्यावरून खाली घेतलं.

संचालक धापा टाकत आले. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. "तुम्ही माईक द्या माझ्याकडे. तुमची बायको वर आहे, तुम्हाला कसं जमेल?"

"आता काय करायचं ठरलंय?"

"दुसरंही चाक आत घेऊन पोटावर उतरवणार. धावपट्टीशेजारच्या गवतावर. आधी इंधन संपवायचं म्हणून घिरट्या घालतील. लोकांना गवतापासून मागे घ्यायला हवं, बंबाला वाट हवी. द्या इकडे."

त्यांनी माईक घेतला. "कृपया... सर्वांनी... घाबरू नका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा फाटला की घाबरलेले नव्हते तेही घाबरले. डाव्या बाजूला दोरी ताणली गेली. कुणीतरी पळायला लागलं, त्याला बघून आणखी दोघं.

त्यानं माईक परत घेतला. शूरपणा वगैरे काही नव्हता त्यात. माईक सोडला तर रिकाम्या हातांचं काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं, एवढंच.

"मंडळी, पळू नका. ऐका," तो म्हणाला. त्याचा आवाज कसा कोण जाणे, नेहमीसारखा निघाला. "विमानाचं एक चाक अडकलंय. ते पोटावर उतरणार आहे. ही विमानं जुन्या काळी अशी कितीदा उतरलीत. पण त्याला मोकळी जागा लागते. डावीकडची मंडळी, पोरांचे हात धरा आणि चालत हँगरकडे या. चालत. उजवीकडचे जागेवरच थांबा. बंबाच्या वाटेत कुणी उभं राहू नका."

लोक हलले. चालत हलले.

बटण बंद करून तो खाली बघतो तो सासूबाई त्याच्याकडे तोंड करून बसलेल्या. बिस्किटांचा डबा गवतात पडलेला. तो त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. कंबर विसरून सरळ खाली बसला.

"आई, ते..."

"ऐकलं मी. कान आहेत मला." त्या डब्यासाठी गवतात चाचपू लागल्या. "तिला माहितीय?"

"हो. बाईंनी सांगितलं असणार."

"आता तुम्ही बोलत राहा, जावईबापू. तुम्ही गप्प झालात की मला नुसतं ते इंजिन ऐकू येतं."

तो उठला. घिरट्या चालू होत्या. एक, मग आणखी एक. काय बोलत होता ते त्याला नंतर आठवलं नाही. लोकांनी सांगितलं की विमानाचा सांगाडा किती मजबूत असतो ते त्यानं सांगितलं, बंबावरच्या मंडळींची ओळख करून दिली, एका हरवलेल्या पोराला आईपाशी पोचवलं. त्याला आठवत होता फक्त घाम. पाठीवरून ओघळून पट्ट्यापाशी साचणारा, थंडगार.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. "भोंग्या, आता शेवटची चक्कर. तिच्या कानात माझा आवाज जातो. काही सांगायचंय तिला?"

पंचवीस वर्षं ज्याच्या तोंडाला कुलूप लागलं नव्हतं, त्याला एक शब्द सापडेना. घाबरू नकोस म्हणावं, तर कोण कुणाला सांगतोय? देव आहे म्हणावं, तर ती हसेल. शेवटी तो म्हणाला, "तिला सांग, माझी कंबर दुखत नाहीये."

"काय?"

"सांग तेवढंच. कंबर दुखत नाहीये. सकाळीही दुखत नव्हती."

खरखर. विमान तलावापलीकडे वळत होतं.

"भोंग्या, ती म्हणते, माहितीय. आणि चष्मा काढून ठेवू का विचारतेय."

त्याला हसू आलं की रडू, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "काढायला सांग. खिशात ठेव म्हणावं. डोकं पुढं वाकवून, हात डोक्यावर."

"ते बाईंनी सांगितलंय."

विमान खाली येऊ लागलं. डावं चाक आत गेलेलं, उजवं तसंच अर्धवट लोंबतंय. जमिनीला भिडायच्या जरा आधी बाईंनी इंजिन बंद केलं आणि पंखा थांबला. सबंध मैदानावर इतकी शांतता पसरली की दोरीला बांधलेली झेंडी फडफडलेली ऐकू आली. त्याला बोलायचं होतं, सासूबाईंनी सांगितलं होतं, पण आवाज गेला. सासूबाईंनी त्याचा सदरा मुठीत धरला.

पोट गवताला लागलं. पत्रा फाटल्यासारखा लांबलचक कर्कश आवाज आला, माती उडाली, विमान सरळ घसरत आलं. मग ते लोंबतं चाक मातीत रुतलं आणि सगळं विमान त्याच्याभोवती गरकन फिरलं. पंखाचं टोक जमिनीत घुसलं. आणि मग धुळीचा लोट, आणि त्यात काही म्हणजे काही दिसेना.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "सांगा. काय झालं ते सांगा."

"धूळ आहे," तो म्हणाला. "धूळच आहे. आग नाही."

बंब पोचला. धूळ खाली बसू लागली. पुढचं झाकण सरकलं, बाई उभ्या राहिल्या, पंखावरून खाली उतरल्या. उतरता उतरता त्यांनी मागचं झाकणही सरकवलं. पण मागून कुणी उठलं नाही.

त्यानं वाट पाहिली. कुणी उठलं नाही.

माईक टेबलावर टाकून तो पळाला. दोरीखालून गेला, एका माणसानं दंड धरला तो झटकला, बूट उकरलेल्या मातीत रुतला तो तिथेच सोडला. बंबावरचा जवान ओरडत होता, "मागे व्हा, इंधनाचा वास येतोय," पण ते त्याला जणू दुसऱ्याच कुणाला उद्देशून वाटलं. तो वाकलेल्या पंखावर चढला. पत्रा हाताला गरम लागला.

बायको सरळ बसलेली होती. डोळे उघडे. केसांत माती. तिनं दोन्ही हातांनी समोरची लोखंडी दांडी आवळून धरली होती आणि बोटं पांढरीफटक पडली होती.

"लागलं का? कुठं लागलं?"

"माझे हात सुटत नाहीयेत," ती म्हणाली. हळू, तक्रार केल्यासारखी. "मी त्यांना सांगतेय सोडा म्हणून. ते ऐकत नाहीयेत."

त्यानं आत वाकून तिचा अंगठा धरला आणि सोडवला. मग तर्जनी. एकेक बोट असं घट्ट होतं की जणू त्या दांडीलाच फुटलेलं. जवान खालून ओरडत होता. तो पुढचं सोडवेपर्यंत सोडवलेलं बोट पुन्हा जाऊन दांडीला चिकटायचं. शेवटी त्यानं तिचे तळवे आपल्या हातांत गच्च धरले आणि ओढले. पट्टे त्या जवानानं वर येऊन सुरीनं कापले. दोघांनी मिळून तिला खाली उतरवलं.

डॉक्टरांनी तपासलं. पट्ट्याचा खांद्यावर मोठा काळानिळा वळ, ओठ दाताखाली आलेला, बाकी सगळं ठीक. बाईंच्या गुडघ्याला खरचटलं होतं. त्यांनी आधी विमानाकडे वळून पाहिलं, मग बायकोच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही छान बसलात," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

कॅन्टीनच्या मागच्या खोलीत तिला ब्लँकेट गुंडाळून बसवलं. सासूबाई तिचा हात धरून बसल्या आणि तो समोर, एका पायात बूट आणि एका पायात मोजा. चहाचा कप तिच्या ओठांपाशी पोचेपर्यंत अर्धा सांडत होता.

"छान काय बसले," ती म्हणाली. "मी ओरडले. इतकी ओरडले की बाईंनी माझा आवाजच बंद करून टाकला. टॉवरशी बोलायचं असलं की तेवढा सुरू करायच्या."

"मी असतो तर मेलो असतो," तो म्हणाला.

"मेला नसता. तुम्हीही ओरडलाच असता." तिनं कप खाली ठेवला. "तुम्हाला हे असं होतं? शिडीवर? गच्चीवर? हे असं?"

"इतकं नाही. पण असंच."

"मला वाटायचं, तुम्ही नाटकं करता," ती म्हणाली. "तीस वर्षं मला वाटायचं, नाटकं आहेत."

"कंबरेचं नाटकच होतं."

"ते जाऊ दे." ती रडायला लागली. "ते बोलू नका आता."

त्यानं तो विषय मग कधीच काढला नाही, तिनंही नाही. सासूबाईंनी मात्र घरी जाताना गाडीत एकदा सुनावलं, "जावईबापू, पुढच्या वेळी भीती वाटली तर भीती वाटते म्हणा. घरचेच आहोत आम्ही." तो बरं म्हणाला.

पिवळं विमान हँगरमध्ये गेलं आणि मिस्त्री त्याच्याभोवती महिनोन् महिने वाकून राहिला. पुढच्या रविवारी पाहुणी विमानं आली, आणि हा माईकमागे उभा राहिला. विमान उतरायला लागलं की तो गप्प व्हायचा, चाकं टेकेपर्यंत. लोकांना वाटायचं ती त्याची नवी लकब.

बायको मात्र बदलली. आधी तिनं कुणाला कळू दिलं नाही. मग एक दिवस दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, सहाव्या मजल्यावर. लिफ्टचं दार उघडलं, आत दोन माणसं उभी होती आणि तिला जागा करून देत होती. ती हलली नाही. तिचा हात दाराशेजारच्या कठड्यावर गेला आणि घट्ट झाला. त्यानं ती बोटं पाहिली.

"तुम्ही जा," तो आतल्या माणसांना म्हणाला.

दार मिटलं. ती खाली मान घालून उभी होती. लाजली होती ती, आणि ही लाज त्याच्या चांगल्या ओळखीची होती.

"हे बघ," तो म्हणाला, "जिन्यानं जायचं तर भिंतीच्या बाजूनं चालायचं. खिडकी आली की पायरीकडे बघायचं. आणि मजल्यांचा आकडा अजिबात वाचायचा नाही."

"उशीर होईल."

"होऊ दे. दात काय पळून जातोय?"

दोघं भिंतीला धरून चढायला लागले. तिसऱ्या मजल्यावर तिला दम लागला, तशी ती पायरीवर बसली आणि तोही शेजारी टेकला. खालून कुणीतरी पिशवी घेऊन चढत आलं, त्याला वाट द्यायला दोघं एका बाजूला सरकले, आणि तसेच चिकटून बसून राहिले.